योगायोगाची सबब : ड्यूरेनमॅटची 'वचन' ही कादंबरी आणि रहस्यकथेचे संकेत

१

गंभीर मानल्या गेलेल्या लेखकाने रहस्यकथा लिहिली की तिच्याविषयी बोलताना आपली समीक्षा एका ठरावीक शब्दप्रयोगाचा आश्रय घेते. ही कादंबरी 'रहस्यकथेच्या पलीकडे जाते', असे ती म्हणते. या विधानात गौरव असतो तसा एक निवाडाही असतो. रहस्यकथा हा मुळात हलका, केवळ रंजनपर वाङ्मयप्रकार असून त्यात राहून काही मोलाचे घडणे शक्य नाही, तेव्हा जे मोलाचे घडले ते त्याची हद्द ओलांडल्यामुळेच घडले असले पाहिजे, असे त्यात गृहीत धरलेले असते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ही त्यांची पात्रे मराठी वाचकांच्या काही पिढ्यांच्या ओळखीची झाली. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांनी तो वाचकवर्ग पुढे टिकवला. भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला. असे असूनही या सर्व लेखनाकडे आपल्या समीक्षेने पाहिले ते बहुधा दोनच रीतींनी : एक तर दुर्लक्ष करून, नाही तर वाचनसंस्कृतीचा समाजशास्त्रीय पुरावा म्हणून. एखाद्या संकेतबद्ध रूपबंधात अर्थनिर्मिती कशी होते, हा खरा वाङ्मयीन प्रश्न दोन्ही रीतींत बाजूला राहिला.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात फ्रीड्रिख ड्यूरेनमॅट (१९२१–१९९०) या स्विस लेखकाची १९५८ साली प्रसिद्ध झालेली 'दास फेर्श्प्रेशेन' ही छोटी कादंबरी निवडली आहे. शीर्षकाचा अर्थ 'वचन' असा असून सोयीसाठी येथे तिचा उल्लेख त्याच नावाने केला आहे. ड्यूरेनमॅट आपल्याकडे नाटककार म्हणून अधिक परिचित आहे. त्याची 'डी पाने' ही १९५६ सालची कथा आणि १९६७ साली रंगभूमीवर आलेले विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' यांचे नाते अनेकदा जोडले गेले आहे. त्या चर्चेत येथे शिरण्याचे कारण नाही. त्याच्या रहस्यकादंबऱ्यांकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही. 'वचन' या कादंबरीला लेखकाने दिलेले उपशीर्षक 'रहस्यकादंबरीसाठी शांतिपाठ' अशा आशयाचे आहे. मृत व्यक्तीसाठी म्हटल्या जाणाऱ्या ख्रिस्ती प्रार्थनेचा शब्द तेथे योजलेला आहे. या उपशीर्षकामुळे कादंबरीविषयीचे एक मत रूढ झाले. रहस्यकथेची सारी इमारत तर्कावर उभी असते. ड्यूरेनमॅटने तीत योगायोगाला शिरकाव करू दिला आणि ती इमारत पाडली, असे ते मत. प्रस्तुत लेखकाला हे मत अपुरे वाटते. किंबहुना, कादंबरीतील एका पात्राने स्वतःच्या बचावासाठी मांडलेली भूमिका आपण कादंबरीची भूमिका म्हणून स्वीकारली आहे, असे म्हणावे लागते.

२

प्रथम संकेतांविषयी. एडगर ॲलन पो याने १८४१ साली 'रू मॉर्ग'मधील खुनांची कथा लिहिली, तेव्हापासून या प्रकाराची काही अंगे स्थिरावत गेली : विलक्षण बुद्धीचा एकाकी शोधक, बुद्धीने मंद असलेले पोलीस, चुकीच्या माणसावर आलेला संशय, सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनही कोणाला न दिसलेला दुवा आणि अखेरचा उलगडा. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात या अंगांना नियमांचे रूप आले. अमेरिकन लेखक एस. एस. व्हॅन डाईन याने १९२८ साली वीस नियम सांगितले, तर रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरू-लेखकाने १९२९ साली दहा 'आज्ञा' सांगितल्या. दोघांचा रोख एकच होता. लेखक आणि वाचक यांच्यातील हा खेळ सचोटीने खेळला जावा. शोधकाला जे ठाऊक आहे ते वाचकालाही ठाऊक असावे.

या नियमांत योगायोगाविषयी जे म्हटले आहे ते मुळातून पाहण्यासारखे आहे. शोधकाला अपघाताची मदत होता कामा नये, असे नॉक्स म्हणतो. गुन्हेगाराचा शोध तर्काने लागला पाहिजे. योगायोगाने अथवा सबळ कारणावाचून दिलेल्या कबुलीने नव्हे, असे व्हॅन डाईन म्हणतो. गुन्हेगार हा कथेत बऱ्यापैकी वावरलेला माणूस असावा, हीदेखील व्हॅन डाईनची अट आहे. शोधकाला अपघाताने *मदत* होऊ नये एवढेच हे नियम सांगतात. अपघाताने त्याचा *घात* झाला तर काय, या शक्यतेचा विचार या नियमकर्त्यांनी केलेला नाही, कारण ती त्यांच्या स्वप्नातही नव्हती. ड्यूरेनमॅटने नेमकी ही मोकळी राहिलेली जागा हेरली. त्याने नियम मोडला असे म्हणण्यापेक्षा नियमांनी जेथे मौन बाळगले होते तेथे तो बोलला, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. मराठीत ना. सी. फडके यांच्या 'प्रतिभासाधन' (१९३१) पासून कथानकाच्या तंत्राची जी चर्चा झाली तिच्या प्रभावामुळे योगायोग म्हटला की आपण तो कथानकाचा दोष म्हणून मोजतो. येथे तो दोष नसून विषय आहे, एवढे आपण चटकन मान्य करतो. आणि ते मान्य केले की शोध संपला असे समजतो. गफलत होते ती येथेच.

त्स्वेतान तोदोरोव्हने १९६६ साली रहस्यकथेच्या प्रकारांची मांडणी करताना एक उपयुक्त भेद दाखवला. अशा कथेत दोन कथा असतात, एक गुन्ह्याची आणि दुसरी तपासाची. पहिली कादंबरी सुरू होण्यापूर्वीच घडून गेलेली असते. दुसरीत स्वतःचे असे फारसे काही घडत नाही, ती केवळ पहिलीकडे नेणारी वाट असते. 'वचन'मध्ये ड्यूरेनमॅट यात तिसरी कथा मिसळतो, ती तपास *सांगण्याची*. हे सांगणे कोण करतो, केव्हा करतो आणि कशासाठी करतो, याकडे लक्ष दिल्यावाचून कादंबरीचा अर्थ हाती येत नाही.

३

कादंबरीचा जन्मही विचारात घेण्याजोगा आहे. लाझार वेक्सलर या चित्रपटनिर्मात्याच्या मागणीवरून ड्यूरेनमॅटने चित्रपटासाठी एक कथा लिहिली. मुलांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचारांविषयी पालकांना सावध करणे हा चित्रपटाचा हेतू होता. लाडिस्लाओ वाय्दा याने दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९५८ साली प्रदर्शित झाला. हाइन्झ ऱ्यूमान या लोकप्रिय नटाने त्यात शोधक मात्थेईची भूमिका केली. चित्रपटात मात्थेईचा सापळा यशस्वी होतो, खुनी सापडतो आणि मुलगी वाचते. ड्यूरेनमॅटचे या शेवटाने समाधान झाले नाही. त्याने तीच कथा पुन्हा हाती घेतली आणि तिची कादंबरी केली. म्हणजे 'वचन' ही यशस्वी रहस्यकथेची पुनर्लिखित प्रत आहे, आणि ती लिहिणारा स्वतः त्या यशस्वी कथेचाही लेखक आहे. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी त्याने पैशांच्या निकडीपोटी दोन रहस्यकादंबऱ्या नियतकालिकांतून क्रमशः लिहिल्या होत्या. या वाङ्मयप्रकाराकडे तो बाहेरून पाहत नव्हता.

कादंबरीचे कथानक थोडक्यात असे. झुरिकजवळच्या मेगेनडॉर्फ गावानजीकच्या रानात ग्रिट्ली मोझर या लहान मुलीचे प्रेत सापडते. ते प्रथम पाहणारा फॉन गुंटेन हा फेरीवाला पूर्वी अशाच एका गुन्ह्यात शिक्षा भोगलेला आहे. पोलीस अधिकारी मात्थेई जॉर्डनमधील नव्या नेमणुकीवर जाण्याच्या बेतात असतो. मुलीच्या आईवडिलांना बातमी सांगण्याचे काम त्याच्यावर येते. खुनी शोधून काढीन असे वचन आई त्याच्याकडून घेते, तेही आत्म्याच्या सद्गतीची शपथ घालून. त्या घरातून लवकर बाहेर पडता यावे म्हणून तो ते देऊन टाकतो. दरम्यान गावकरी फेरीवाल्याला आपल्या ताब्यात मागतात. मात्थेई त्यांना थोपवतो. पुरावा काय आहे, असे विचारत त्यांचा क्षोभ शांत करतो. गुंटेन जमावाच्या हातून सुटतो आणि पोलिसांच्या हाती पडतो. हेन्झी हा तरुण अधिकारी त्याची तासन्‌तास चौकशी करतो. शेवटी तो गुन्हा कबूल करतो आणि कोठडीत गळफास घेतो. प्रकरण मिटते.

मात्थेईचे मात्र समाधान झालेले नसते. विमानतळावर मुलांचा घोळका पाहून तो माघारी फिरतो. नोकरी गेलेली असते. तो एकट्याने तपास सुरू करतो. ग्रिट्लीने शाळेत काढलेले चित्र हा त्याचा एकमेव दुवा. चित्रात एक प्रचंड माणूस आहे, त्याच्या हातून मुलीला मिळणारी 'साळिंदरे' आहेत, मोठी काळी गाडी आहे आणि शिंगे असलेला एक प्राणी आहे. तो प्राणी ग्राउब्युंडेन प्रांताच्या मुद्रेवरील रानबोकड आहे आणि साळिंदरे म्हणजे काटेरी पृष्ठभागाच्या चॉकलेटच्या गोळ्या आहेत, हे मात्थेईच्या ध्यानात येते. पूर्वीचे तसेच दोन खून आणि हा खून यांची सांगड तो घालतो. खुनी ग्राउब्युंडेनहून झुरिककडे मोटारीने येतो, तर त्या रस्त्यावरचा पेट्रोलपंप आपण चालवायला घ्यावा, असे तो ठरवतो. बळी पडलेल्या मुलींसारखी दिसणारी आनेमारी नावाची मुलगी आणि तिची आई यांना तो तेथे आणून ठेवतो. मासा पकडायचा तर गळाला आमिष हवे.

आमिषाला मासा लागतो. आनेमारीला रानात कोणी 'जादूगार' भेटतो, चॉकलेट देतो. पोलीस दबा धरून बसतात. दिवस जातात, कोणी येत नाही. शेवटी पोलिसांचा संयम सुटतो, ते त्या मुलीवर ओरडतात, तिला मारतात आणि निघून जातात. मात्थेई मागे राहतो, आणि वर्षानुवर्षे वाट पाहत दारूत बुडतो. पुढे फार उशिरा, मरणशय्येवरील श्रीमती श्रोट नावाची एक श्रीमंत वृद्धा सांगते की तिचा दुसरा नवरा आल्बेर्ट हाच तो खुनी होता, आणि शेवटच्या मुलीकडे जात असताना त्याची गाडी ट्रकवर आदळून तो ठार झाला. मात्थेईचा प्रत्येक तर्क बरोबर होता.

संकेतांचा वापर येथे किती काटेकोर आहे ते ध्यानात यावे. एकाकी शोधक आहे, निष्पापावर संशय आहे, मुलाच्या चित्रात दडलेला दुवा आहे, सापळा आहे, शेवटी कबुलीजबाबही आहे. एकही संकेत गाळलेला नाही किंवा त्याची टवाळी केलेली नाही. विडंबनात संकेत फुगवले जातात. येथे ते गांभीर्याने पाळले गेले आहेत. त्यामुळेच सापळ्याच्या दिवसांत वाचक खुन्याची वाट मात्थेईइतक्याच आतुरतेने पाहतो.

४

आता तिसऱ्या कथेकडे वळू. हे सर्व आपल्याला मात्थेई सांगत नाही आणि लेखकही सांगत नाही. कादंबरीच्या आरंभी एक रहस्यकथालेखक कूर या गावी रहस्यकादंबरी कशी लिहावी या विषयावर व्याख्यान देण्यासाठी आलेला आहे. श्रोते थोडेच जमतात, कारण त्याच संध्याकाळी गावात दुसरीकडे एमिल श्टायगर हे नामवंत जर्मन वाङ्मयाभ्यासक उत्तरकालीन गटेवर बोलत असतात. वाङ्मयप्रकारांच्या उतरंडीवरचा हा टोमणा आपल्यालाही लागू पडणारा आहे. तेथे त्याला डॉ. एच. भेटतात. झुरिक प्रांताच्या पोलीस दलाचे ते माजी प्रमुख. दुसऱ्या दिवशी आपल्या गाडीतून त्याला झुरिकला नेताना ते वाटेत एका कळकट पेट्रोलपंपावर थांबतात. बाकावर एक दारूडा म्हातारा बसलेला असतो. एक तरुण मुलगी त्यांना पेय आणून देते. पुढच्या प्रवासात डॉ. एच. मात्थेईची कथा सांगतात, आणि आरंभीच रहस्यकादंबऱ्यांविषयी आपली नापसंती मांडतात. या कादंबऱ्या बुद्धिबळासारख्या रचलेल्या असतात. वास्तवात मात्र योगायोगाचे राज्य असते आणि लेखक तेच विसरतात, हे त्यांच्या म्हणण्याचे सार.

समीक्षेने 'वचन'चे जे तात्पर्य म्हणून स्वीकारले आहे ते हेच. परंतु डॉ. एच. कोण आहेत? फॉन गुंटेनने गळफास घेतला तेव्हा पोलीस दलाचे प्रमुख तेच होते. ती लांबलेली चौकशी त्यांच्या अधिकाराखाली झाली. रानातल्या सापळ्यात ते स्वतः होते, आनेमारीवर हात टाकणाऱ्यांतही होते. अशा माणसाने साऱ्या घटनांचे उत्तरदायित्व योगायोगाकडे सोपवले तर वाचकाने काय करावे? रहस्यकथेने त्याला जे शिकवले आहे तेच करावे : साक्ष देणाऱ्याचा हितसंबंध काय, हे विचारावे. निवेदकावरही संशय घेता येतो, हा धडा अगाथा ख्रिस्तीने 'रॉजर ॲक्रॉइड'मध्ये १९२६ सालीच दिला होता. डॉ. एच. काहीही लपवत नाहीत, हे खरे. त्यांच्या कथनात सगळा पुरावा आहे. मात्र तो पुरावा त्यांच्या निष्कर्षाला दुजोरा देत नाही.

हिशेब मांडून पाहू. या कथेत कोणाकोणाची हानी झाली आणि त्यातील किती हानी योगायोगाने झाली? फॉन गुंटेन मेला तो योगायोगाने नव्हे. पूर्वगुन्हा असलेला माणूस हाच गुन्हेगार असणार, ही पोलिसांची सवय आणि कबुली मिळेपर्यंत न थांबणारी चौकशी यांनी तो मेला. पूर्वीच्या दोन मुली मेल्यानंतरही श्रीमती श्रोट गप्प राहिली. नवऱ्याने काय केले हे तिला माहीत होते; पुन्हा असे करू नकोस, एवढेच त्याला सांगून तिने घराची अब्रू सांभाळली. तिचे मौन योगायोग नव्हते. ग्रिट्ली मेली ती त्याच मौनामुळे. आनेमारीला आमिष म्हणून रस्त्याकाठी बसवले गेले, ते पूर्ण विचाराअंती. ट्रकवर गाडी आदळली, हा खरोखरच योगायोग. पण त्याने बिघडवले ते एवढेच : मात्थेईला यश मिळाले नाही. किंबहुना त्या अपघाताने एका मुलीचा जीव वाचला असण्याचीही शक्यता आहे. बाकीच्या सगळ्या हानीला कर्ता आहे, आणि तो माणूस आहे.

असे पाहिले की योगायोगाचे तत्त्वज्ञान हे एका अर्थी सबबीचे रूप घेते. ज्या संस्थेने निष्पापाला कबुलीपर्यंत रेटले तिचा माजी प्रमुख म्हणतो : जग असेच आहे, तर्काला न जुमानणारे. हे विधान चूक नाही. परंतु ते कोणी आणि कोणत्या प्रसंगी करावे, याला महत्त्व आहे. व्हॅन डाईन ज्या प्रकारची कबुली रहस्यकथेत निषिद्ध मानतो, ती येथे राज्ययंत्रणा आनंदाने स्वीकारते आणि फाईल बंद करते. रहस्यकथेचे नियम पोलिसांच्या व्यवहारापेक्षा अधिक सचोटीचे ठरतात, हा कादंबरीतील एक बोचरा उपरोध आहे. 'शांतिपाठ' म्हणायचाच असेल तर तो रहस्यकथेसाठी की चौकशीच्या त्या खोलीसाठी, असा प्रश्न मनात येतो.

५

कादंबरीचा गाभा मात्र याहून खोल आहे, आणि तो आनेमारीपाशी आहे. रहस्यकथेत मुडदा हा दुव्यांचा साठा असतो, साक्षीदार हा माहितीचा साठा असतो आणि आमिष ही एक युक्ती असते. माणसांचे असे साधनांत रूपांतर करण्यावरच या प्रकाराची गती अवलंबून असते. आपण ते चालवून घेतो, कारण शेवटी गुन्हेगार सापडतो आणि जमाखर्च जुळतो. चित्रपटात नेमके हेच होते. मात्थेईने एका मुलीला खुन्याच्या वाटेवर ठेवले होते ही गोष्ट शेवटच्या सुटकेच्या आनंदात विसरली जाते. शोधकाच्या कृतीचे नैतिक मूल्य फलावरून ठरते, हा रहस्यकथेचा कोणी न लिहिलेला, पण सर्वांनी पाळलेला नियम आहे.

ड्यूरेनमॅट ते फल काढून घेतो. यातील योगायोगाचे खरे कार्य हे आहे. जग अतर्क्य आहे हे सिद्ध करण्याकरता खुन्याला मरावे लागत नाही. मात्थेईची कृती फलावाचून कशी दिसते हे आपल्याला पाहता यावे म्हणून तो मरतो. तर्क शंभर टक्के बरोबर आहे, खुनी खरोखरच त्याच रस्त्याने, त्याच मुलीकडे निघाला आहे. आणि तरीही मुलीला न सांगता तिचे आमिष करणे हे होते तसेच राहते. खुनी आला असता तर ते योग्य ठरले असते काय? या प्रश्नाला कादंबरी उत्तर देत नाही, परंतु चित्रपट पाहून निर्धास्त घरी गेलेल्या प्रेक्षकाला तो विचारते. वाचकालाही ती सोडत नाही, कारण सापळ्याच्या त्या पानांत खुनी लवकर यावा असे त्यालाही वाटत होते. खुनी लवकर यावा, म्हणजे त्या मुलीकडे यावा.

या संदर्भात आरंभीच्या पेट्रोलपंपाच्या दृश्याकडे पुन्हा पाहावे. महत्त्वाचा दुवा सुरुवातीलाच वाचकापुढे ठेवावा आणि त्याचे महत्त्व शेवटी उमगावे, हा रहस्यकथेचा आवडता संकेत. ड्यूरेनमॅट तो अचूक पाळतो. पहिल्या काही पानांत पेय आणून देणारी, वयाच्या मानाने फारच थकलेली ती सोळा-एक वर्षांची मुलगी म्हणजेच आनेमारी. हा दुवा मात्र खुन्याकडे नेत नाही. एका मुलीच्या वाया गेलेल्या आयुष्याकडे नेतो. आपण तिला पाहिले होते आणि ओलांडून गेलो होतो, कारण आपले लक्ष बाकावरच्या दारूड्या म्हाताऱ्याकडे होते. रहस्यकथेच्या वाचकाची नजर कोठे जाते आणि कोठे जात नाही, याचा इतका नेमका हिशेब घेणारी दुसरी युक्ती प्रस्तुत लेखकाला आठवत नाही. ही युक्ती रहस्यकथेच्या बाहेर राहून करता येणारी नाही.

शॉन पेन याने २००१ साली या कादंबरीवरून अमेरिकेत चित्रपट काढला, तो या दृष्टीने तुलनेला घेता येईल. जॅक निकल्सनने रंगवलेला शोधक त्यात तसाच उद्ध्वस्त होतो. पण त्यात डॉ. एच. यांच्यासारखा निवेदक नाही आणि जळणारी गाडी प्रेक्षकाला थेट दिसते. त्यामुळे योगायोग ही कॅमेऱ्याने पाहिलेली वस्तुस्थिती ठरते. तो कोणाचा युक्तिवाद राहत नाही. चित्रपट प्रभावी आहे, तथापि शोधकाच्या शोकांतिकेपाशी तो थांबतो. कादंबरीत ही शोकांतिका दुसऱ्या कोणाला तरी सोयीची आहे, ही जी अस्वस्थ करणारी जाणीव आहे, ती तेथे नाही.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. योगायोग हा ड्यूरेनमॅटच्या विचारांचाच एक मध्यवर्ती विषय आहे. 'डी फिझिकर' (१९६२) या नाटकाला जोडलेल्या एकवीस मुद्द्यांत त्याने योजनाबद्ध वागणाऱ्यांवर योगायोगाचा आघात अधिक तीव्रतेने होतो, असा विचार मांडलेला आहे. मग डॉ. एच. यांचे मत हे लेखकाचे मत का मानू नये? यावर म्हणता येईल ते इतकेच, की लेखक एखादा विचार स्वतः मानतो आणि तोच विचार एका पात्राच्या तोंडी घालून त्या पात्राचा स्वार्थही दाखवतो, यात विसंगती नाही. स्वतःची लाडकी कल्पना दुसऱ्याच्या हाती सबब बनू शकते, हे ज्याला दिसते तोच खरा नाटककार. योगायोग जगात आहे, हे ड्यूरेनमॅटही नाकारत नाही आणि प्रस्तुत लेखकही नाकारत नाही. योगायोग जबाबदारीची जागा घेऊ शकत नाही, एवढाच मुद्दा आहे. कादंबरीचे नाव 'योगायोग' नसून 'वचन' आहे, हेही विसरता कामा नये. वचन हा माणसाने भविष्यावर सांगितलेला हक्क असतो. मात्थेईने ते कातडी वाचवण्यासाठी दिले, आणि ते पाळण्यासाठी दुसऱ्याच्या लेकीला पणाला लावले. त्याची शोकांतिका अपघाताच्या क्षणी सुरू होत नाही. ती मोझरांच्या दारात सुरू होते.

दुसरा आक्षेप असा, की हे वाचन रहस्यकथेला तिच्या योग्यतेहून अधिक श्रेय देते. त्याला उत्तर असे, की श्रेय वाङ्मयप्रकाराला सरसकट द्यायचे नाहीच. शेकडो रहस्यकथा आमिष लावतात, मासा पकडतात आणि आमिषाला विसरतात. परंतु ज्या वाचकाने त्या शेकडो कथा वाचल्या आहेत त्यालाच 'वचन' पूर्णपणे कळू शकते. पोलीस मंद असतात, पहिला संशयित निर्दोष असतो, शोधक अखेर बरोबर ठरतो, या अपेक्षा ज्याच्या अंगवळणी पडलेल्या नाहीत, त्याच्यासाठी ही केवळ एका दुर्दैवी पोलिसाची हकीकत आहे. ड्यूरेनमॅटचे सामर्थ्य संकेत मोडण्यात नाही. वाचकाच्या मनात वर्षानुवर्षांच्या वाचनाने साठलेल्या त्या संकेतांच्या अपेक्षा तो जमेस धरतो आणि त्यांचा जाब विचारतो. म्हणून ही कादंबरी रहस्यकथेच्या पलीकडे जात नाही. ती तिच्या आत, बहुतेकांनी न उघडलेल्या एका खोलीत जाते.

मराठी समीक्षेपुरते यातून एक सुचवावेसे वाटते. लोकप्रिय कथाप्रकारांचा अभ्यास करताना ते श्रेष्ठ की कनिष्ठ हा वाद काही काळ बाजूला ठेवून, या संकेतांनी आपल्या वाचकाला काय पाहायला शिकवले आणि काय न पाहण्याची सवय लावली, हे तपासले जावे. झुंजारच्या कथांत कोणाचे नुकसान मोजले जाते आणि कोणाचे मोजले जात नाही? कबुलीजबाबाने संपणाऱ्या कथा कोणत्या, आणि ती कबुली कशी मिळवलेली असते? गुन्हेगार बहुधा कोणत्या थरातून येतो? ही विचारणा समाजशास्त्रीय वाटली तरी तिचे उत्तर निवेदनात, रचनेत आणि शेवटाच्या घाटातच शोधावे लागेल. म्हणजे ती वाङ्मयीनच आहे. असे वाचन आपल्याला वर्तमानपत्रातील गुन्ह्याची बातमी वाचतानाही उपयोगी पडेल, कारण 'आरोपीने गुन्हा कबूल केला' या वाक्यापाशी कथा संपली असे मानण्याची सवय केवळ कादंबऱ्यांच्या वाचकांनाच असते असे नाही.